१९६६ चा अली विरुद्ध १९८८ चा टायसन : कोण पडंल?

आर्णीकर :
शेजारच्या वावरातल्या दोस्तासोबत वाद सुरू झाला तो मिटता मिटत नाही, म्हणून इथं आणून टाकतो.

प्रश्न असा. १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत गुंडाळणारा मोहम्मद अली. अन् २७ जून १९८८ ला अटलांटिक सिटीत मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवा करणारा माईक टायसन. दोघंही त्या-त्या रात्रीच्या तब्येतीत, एकाच रिंगमध्ये. कोण जिंकंल?

उंची ६ फूट ३ इंच विरुद्ध ५ फूट १० इंच. हाताची पोच ७८ इंच विरुद्ध ७१. वजनात फारसा फरक नाही, अली ९६ किलोच्या आसपास, टायसन ९९.

अटी : १२ फेऱ्या, आजचे ग्लोव्ह्ज. अलीनं लष्करात जायला नकार दिला, किताब काढून घेतला, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं गेली, म्हणून तो मोठा, हे सगळं मान्य. पण इथं ते चालणार नाही. इथं फक्त ठोसे.

दोस्त म्हणतो टायसन, चौथ्या फेरीच्या आत. मी म्हणतो अली, दहाव्याच्या आसपास, पंच थांबवणार. रब्बीत आमच्या फीडरला रात्रीची लाइन असते, हरभऱ्याला पाणी सुरू आहे, त्यामुळे मी पहाटेपर्यंत जागाच आहे. लिहा.

तर्री_पोहे :
टायसन. दुसरी फेरी. धागा बंद करा.

सरकीचं_पोतं :
तर्रीभाऊ, दम धरा जरा.

मी कॉलेजात असताना ६० किलोत विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत खेळलो. मोठं काही जिंकलो नाही, पण बुटका गडी अंगावर आला की काय होते ते मले माहीत आहे. तुम्ही डावा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, टाकता, थो डोकं एक वीत बाजूला घेते, तुमचा हात त्याच्या कानाजवळून निघून जाते. हात परत येईपर्यंत तुमच्या बरगडीवर पडलेलं असते. अन् तुम्ही वाकले की त्याच हाताचा दुसरा ठोसा खालून हनुवटीवर. टायसन हेच करे. उजव्यानं बरगडी, उजव्यानंच हनुवटी. दोन्ही ग्लोव्ह गालाले चिकटवून, डोकं सतत हालतं ठेवून आत शिरायचं, हे त्याले त्याच्या गुरूनं, कस डी'अमॅटोनं, पोरसवदा वयात शिकवलं.

आमच्याकडं बॅग नव्हती. कडुनिंबाच्या फांदीले सरकी भरलेलं पोतं टांगलं होतं. आठ-दहा दिवसांत सरकी खाली बसे. वरून पोतं लुळं, खालून दगड. वर मारलं की हात आत जाये, खाली मारलं की मनगट मुरगळे. म्हणून माहा खालून वर जाणारा ठोसा कधी बसलाच नाही, अन् म्हणूनच टायसनचा पाहून अजूनही अंगावर काटा येते.

तरी माहं मत अली. कारण सांगतो, पण पहिले बाकीच्यायचं येऊ द्या.

अंबानगरी :
सरकीचं_पोतं यांनी टायसनचं बरोबर मांडलं आणि मत मात्र उलटं दिलं, याची गंमत वाटली.

अलीला आयुष्यभर एका ठोशाचा त्रास झाला, तो म्हणजे डावा हुक, बाजूने वळवून मारलेला. १८ जून १९६३ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर हेन्री कूपरने चौथ्या फेरीच्या शेवटी डाव्या हुकने त्याला दोरांवर पाडलं. तेव्हा तो कॅशियस क्ले होता. फेरी संपत आली होती म्हणून वाचला. पुढे ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने पंधराव्या फेरीत त्याच हुकने पाठीवर झोपवला. फ्रेझरसुद्धा बुटका, वाकून आत शिरणारा. टायसन म्हणजे फ्रेझरपेक्षा चपळ आणि दोन्ही हातांनी मारणारा.

अली ठोसा चुकवताना मान सरळ मागे घेत असे. गुरुजी लोक हे चूक म्हणून शिकवतात. त्याच्या वेगामुळे ते खपलं. टायसनसमोर खपेल असं मला वाटत नाही. पाचव्या फेरीच्या आत टायसन.

तर्री_पोहे :
मास्तर आपल्या पार्टीत! आता गणित घ्या. ११ डिसेंबर १९८१ ला बहामात ट्रेव्हर बर्बिकनं अलीले हरवलं. २२ नोव्हेंबर १९८६ ला टायसननं त्याच बर्बिकले दुसऱ्या फेरीत असा हाणला की थो उठाले गेला अन् तीनदा लडखडून पडला. टायसनचं वय तवा वीस. म्हणजे टायसन बर्बिकपेक्षा भारी, बर्बिक अलीपेक्षा भारी. पाढा संपला.

आर्णीकर :
असा पाढा मलाही म्हणता येतो. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा, अलीनं जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. फोरमननं ५ नोव्हेंबर १९९४ ला मायकल मूररला पाडलं. मूररनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये होलीफिल्डला हरवलं होतं. अन् होलीफिल्डनं १९९६ ला टायसनला. अलीपासून टायसनपर्यंत सरळ उतार आहे, कुठं खड्डा नाही.

गोंडपिपरी_एक्सप्रेस :
हे म्हणजे शंकरपटासारखं, बैलांच्या शर्यतीसारखं झालं. आमच्याकडं एक बुढा आहे, त्याच्या मते १९८० च्या जोडीनं आताची कोणतीही जोडी मागं टाकली असती. तवाचं सेकंद मोजणारं घड्याळ कोणाकडं होतं ते विचारलं की चिडते.

पूर्णाकाठ :
होलीफिल्ड म्हणजे ज्याचा कान चावला थोच ना?

तर्री_पोहे :
हाव, १९९७. पण थो भाग आपण मोजून नाही रायलो.

अंबानगरी :
दोन्ही पाढे ऐकायला छान आहेत, पण त्यात वय कुठेच नाही.

अली आणि टायसन या दोघांशीही लढलेला बर्बिक हा एकटा नव्हे. लॅरी होम्सही दोघांशी लढला. २ ऑक्टोबर १९८० ला लास वेगासमध्ये होम्सने अलीला इतका मारला की दहाव्या फेरीनंतर अलीच्याच माणसांनी लढत थांबवली. अलीचं वय ३८, होम्सचं ३०. मग २२ जानेवारी १९८८ ला टायसनने होम्सला चौथ्या फेरीत पाडलं. टायसन २१ वर्षांचा, आणि होम्सचं वय किती? तेही ३८.

म्हणजे जो होम्स जिंकला तो तिशीतला, आणि जो हरला तो अलीच्याच त्या दिवशीच्या वयाचा. या साखळीतून अलीबद्दलही काही कळत नाही आणि टायसनबद्दलही नाही. अडतिसाव्या वर्षी रिंगमध्ये जाऊ नये एवढंच कळतं. मी टायसनच्या बाजूचा आहे, तरी बर्बिकचा मुद्दा मला नको.

आर्णीकर :
मास्तर, मग फोरमनचं काय? मूररला पाडलं तेव्हा तो ४५ वर्षांचा होता अन् मूरर २६ चा. किन्शासात घातलेलीच लाल चड्डी घालून उतरला होता. तीनही पंचांच्या गुणांच्या कागदावर मागे होता अन् दहाव्या फेरीत एक उजवा हात सोडला. १९७३ चा विजेता १९९४ च्या विजेत्याला पाडतो. दोन काळांची खरीखुरी लढत याहून वेगळी काय असते?

अंबानगरी :
मान्य. पण फोरमनचं एक आहे, त्याचा खेळ पायांवर नव्हताच. ठोशाचं वजन शेवटपर्यंत राहतं, पाय आधी जातात. जो लुईचं पाहा. ११ वर्षं ८ महिने किताब, २५ वेळा राखला, आणि २६ ऑक्टोबर १९५१ ला ३७ व्या वर्षी रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर काढला. ती लढत पाहून मार्सियानो लुईपेक्षा मोठा असं कोणी म्हणत नाही.

निळी_शाई :
मार्सियानोचं नाव निघालं म्हणून लिहिते. इथे जे चाललंय ते कॉम्प्युटरकडून करून घेण्याचा उद्योग तेव्हाच झालेला आहे.

मरे वोरोनर नावाचा मायामीचा रेडिओवाला. त्याने आधी १९६७ मध्ये रेडिओवर सगळ्या काळांतल्या विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा घेतली. त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला, असं कॉम्प्युटरने ठरवलं. अली चिडला, दहा लाख डॉलरचा दावा लावला. तडजोड होता होता दुसरीच गोष्ट निघाली : अली आणि मार्सियानो दोघांनाही रिंगमध्ये उतरवून वेगवेगळ्या शेवटांचं चित्रीकरण करायचं आणि कॉम्प्युटर सांगेल तो शेवट दाखवायचा. १९६९ सालची गोष्ट. अलीवर बंदी होती, पैसे हवे होते. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली, त्याने वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला.

चित्रीकरण झालं आणि ३१ ऑगस्ट १९६९ ला मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये थिएटरांत दाखवलं तेव्हा शेवट होता मार्सियानो, तेराव्या फेरीत. युरोपात दाखवलं त्यात म्हणे अली जिंकला! प्रेक्षक बघून निकाल देणारा कॉम्प्युटर.

तर्री_पोहे :
म्हणजे सर्व्हेवाल्यायच्या पहिलेपासून हे चालू आहे.

आर्णीकर :
मार्सियानो ४९ लढती, ४९ विजय. पण वजन ८४ किलोच्या आसपास. आजच्या हिशोबानं तो क्रूझरवेटमध्ये बसतो, ज्याची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९१ किलोला थोडं कमी. टायसन फ्युरी (हा वेगळा टायसन, इंग्लंडचा) ६ फूट ९ इंच. त्याच्या छातीला तरी हात पुरंल का?

सरकीचं_पोतं :
उंचीचं भूत इतकं मोठं करू नका. १९१९ मध्ये टोलेडोले जॅक डेम्प्सीनं साडेसहा फुटाच्या जेस विलार्डले पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. डेम्प्सी ८५ किलोचा. अन् फ्युरीले २०२४ मध्ये युक्रेनच्या उसिकनं हरवलंच की, उसिक अलीच्याच उंचीचा, अन् क्रूझरवेटमधून वर आलेला. मोठा गडी मारते जोरात, पण त्याले दिसाले पाहिजे कोणाले मारून रायलो ते.

झाडीतली :
इतके वेळ वाचते आहे. दोन काळांच्या विजेत्यांची लढत म्हटल्यावर मेरी कोम आणि निखत झरीन कोणालाच आठवल्या नाहीत?

ही लढत कल्पनेतली नाही. डिसेंबर २०१९, दिल्ली, ५१ किलोची निवड चाचणी. निखतने उघडपणे मागणी केली होती की चाचणी घ्या. मेरी सदतिशीच्या घरातली, निखत २३ वर्षांची. मेरी ९-१ ने जिंकली. शेवटी हात मिळवायलाही थांबली नाही. निखत पुढे २०२२ आणि २०२३ ला जगज्जेती झाली.

मास्तरांचा वयाचा नियम इथे उलटा पडला. आणि त्या ९-१ वरून निखत लहान ठरत नाही, कारण तिची खरी वर्षं त्यानंतर आली. माझी कल्पनेतली लढत : २००६ ची मेरी विरुद्ध २०२२ ची निखत. आता अडचण अशी की मेरी तेव्हा ४६ किलोत खेळत होती आणि निखत ५२ मध्ये. हेवीवेटमध्ये सहा किलो म्हणजे काहीच नाही, इथे सहा किलो म्हणजे दुसरी मुलगी. दोघींना ४९ वर आणा आणि मग बोला.

पूर्णाकाठ :
निखत निजामाबादची. आदिलाबाद ओलांडलं की आपल्या अंगणातलीच झाली. निखत.

झाडीतली :
अंगण पाहून मत द्यायचं तर नागपूरची अल्फिया पठाण आहे की. २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरच्या गटात सुवर्ण. तिच्यासमोर कोणत्या काळातली उभी करता?

सरकीचं_पोतं :
ताई, मेरी. ४९ किलोत मेरी. आत शिरून तीन ठोसे मारून बाहेर निघाची तिची चाल पाह्यली का? डावखुरी असून उजवा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर टाकते, तिथंच अर्धी लढत जिंकते. निखतचा हात लांब, पण लांब हाताले जागा लागते.

अन् अलीची पोरगी लैला अन् फ्रेझरची पोरगी जॅकी, या दोघी २००१ मध्ये लढल्या. आठ फेऱ्या. लैला जिंकली. बापायचा हिशोब पोरीयनं पुरा केला.

गोंडपिपरी_एक्सप्रेस :
बॉक्सिंग सोडा, गामा पहिलवान अन् खाशाबा जाधव लावून द्या एकदा. गामानं १९२८ मध्ये पतियाळाले पोलंडच्या झ्बिस्कोले मिनिटाच्या आत चीत केलं. १९१० मध्ये लंडनले याच झ्बिस्कोसोबत बरोबरीत सुटली होती, थो तासन् तास जमिनीले चिकटून रायला होता.

अंबानगरी :
खाशाबा १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकले ते बँटमवेटमध्ये, म्हणजे हलक्या वजनगटात. गामासमोर त्यांना उभं करणं अन्याय आहे. कुस्तीचा वेगळा धागा काढा, मी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या बर्लिन १९३६ च्या पथकापासून सुरुवात करतो, मग तुम्ही मला थांबवू शकणार नाही.

पूर्णाकाठ :
नका काढू.

तर्री_पोहे :
लढत कुठी घ्याची थे ठरवा. मी म्हणतो चंद्रपूर, मे महिना, दुपारी दोन. टायसन दोन फेऱ्यात काम उरकते, त्याले उन्हाचं काय. अली मात्र नाचून नाचून दहाव्यापर्यंत जाते म्हणता, थो दोरावर वाळत घातलेल्या लुगड्यावाणी लटकंल.

निळी_शाई :
हे खरंच घडलेलं आहे हो. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम. शुगर रे रॉबिन्सन जोई मॅक्सिमकडून लाइट हेवीवेटचा किताब घ्यायला वर चढला. रात्रीची लढत, रिंगजवळ ४० अंश. रॉबिन्सन तीनही कागदांवर पुढे. पण दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीनच उकाड्याने कोसळायला आला, दुसरा पंच चढवावा लागला. तेराव्या फेरीनंतर रॉबिन्सन स्टुलावरून उठूच शकला नाही. ज्याला वजन-गट विसरून सगळ्यांत श्रेष्ठ म्हणतात, तो बॉक्सर आयुष्यात एकदाच असा थांबला, आणि तोही गरमीपुढे.

तर्री_पोहे :
४० अंश?? ४० ले आमच्या अकोल्यात लोक स्वेटर शोधते.

सरकीचं_पोतं :
आता माहं मत सांगतो, म्हटलं होतं.

पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या. एकदा अली खाली बसते, बहुतेक दुसऱ्या फेरीत, बरगडीवरच्या ठोशानंतर. मास्तरायनं डाव्या हुकाचं सांगतलं थे खरं. पण १९६६ चा अली सारखा आपल्या डाव्या अंगाले फिरते. म्हणजे समोरच्याच्या डाव्या हुकापासून दूर जाते. १९७१ मध्ये फ्रेझरसमोर थो पाय रोवून उभा होता, कारण साडेतीन वर्षांत पाय गेले होते. आपण जो अली घेतला त्याचे पाय शाबूत आहेत. कूपरनं पाडला थो अली १९६३ चा, २१ वर्षांचा पोट्टा, टिंगल करत लढणारा.

दुसरं, टायसनले कोणं थकवलं? ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसनं. सट्ट्यात ४२ ले १ भाव होता. डग्लस उंच, जॅब लांब, अन् टायसन आत आला की मिठी मारे. आठव्यात डग्लस पडला, उठला, दहाव्यात टायसनले पाडलं. टायसन त्या दिवशी तयारीत नव्हता हे कबूल, जुना गुरू केव्हाच गेला, त्याच्यानंतरचा प्रशिक्षक केव्हिन रूनी, त्याले स्पिंक्सच्या लढतीनंतर काढून टाकलं. १९८८ चा टायसन डग्लसकडून हरला नसता. पण वाट तीच आहे, अन् अली त्या वाटेनं डग्लसपेक्षा लय चांगला चालते. पाच ते आठ अलीच्या. नववीत टायसनचा डोळा बंद. अकरावीत पंच हात हलवते.

अंबानगरी :
पहिल्या चार फेऱ्यांत अली एकदाच खाली बसतो, दोनदा नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? स्पिंक्सही ३१ लढती अपराजित होता.

सरकीचं_पोतं :
स्पिंक्स घाबरून रिंगात आला होता मास्तर. त्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसते. अली घाबरला होता तवाच्या विजेत्या लिस्टनले, १९६४ मध्ये. घाबरून काय केलं? वजनाच्या वेळी येड्यासारखा ओरडला, नाडी १२० वर गेली, अन् संध्याकाळी सातव्या फेरीले लिस्टन स्टुलावरून उठला नाही.

पूर्णाकाठ :
मिठी मारण्यावर सगळं अडून आहे, नाही का? १९७४ च्या दुसऱ्या लढतीत अलीनं फ्रेझरची मान धरधरून बारा फेऱ्या काढल्या, पंचानं काही म्हटलं नाही. बोनक्रशर स्मिथनं १९८७ मध्ये टायसनसोबत तेच केलं त पंच मिल्स लेननं गुण कापले. आता आर्णीकरांनी पंच कोण असंल ते सांगितलंच नाही.

आर्णीकर :
खरं आहे, अटींत ते राहिलं. मला मान धरू देणारा पंच पाहिजे.

तर्री_पोहे :
आमाले लेन पाहिजे.

झाडीतली :
मग दोघांच्या संमतीचा तिसरा घ्या.

तर्री_पोहे :
चालंल. फक्त गोल्डस्टीन नको, थो चंद्रपुरात तिसऱ्या फेरीतच पडंल.